समक्ष हजर राहण्याबाबत

लढाई संपून आमचे वडील घरी परतले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या घरातला पाळणा आढ्यावरून खाली उतरला नाही. वडील पलटणीत लॉरी चालवत असत. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर त्यांनी काय पाहिले ते त्यांनी आम्हांस कधी सांगितले नाही. मात्र परतल्यावर त्यांनी पुन्हा कोणत्याही मोटारीला हात लावला नाही. शेळगावच्या शिवारात ते बैलांच्या मागे चालत राहिले. गावात पलटणीतून आलेले आणखी काहीजण होते आणि त्यांच्याही घरी दरसाल बारसे होते. अशातच स्वराज्य आले. हिवतापाची फवारणी करणारे आले, देवी टोचणारे आले. माझ्या आजीची अर्ध्याहून अधिक मुले पाळण्यातच गेली होती. आमच्या आईची आठ झाली आणि आठही जगली.

थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, ती तेवढी लढाईपूर्वीची. बाकीचे आम्ही सारे लढाईनंतरचे. पहिला दादा, त्याच्या पाठीवर मी, आणि माझ्या पाठीवर पाचजण. आईला आमच्यापैकी कोणास हाक मारायची झाल्यास ती थोरल्यापासून नावे घेत खाली येई, आणि आपले नाव आल्याखेरीज कोणी जागचे हलत नसे. माझे नाव लवकर येई. शेंडेफळाला मात्र ओ देण्यापूर्वी खेळ पुरा करता येत असे.

आमचे जेवण एका परातीत होई. भाकरी कुस्करून तीवर आमटी ओतली की आम्ही भोवती कोंडाळे करून बसत असू. जो सावकाश जेवी तो उपाशी उठे, म्हणून उजव्या हाताने जेवायचे आणि डाव्या हाताने आपल्यापुढची जागा राखायची. आज माझ्यापुढे स्टीलचे ताट असते, ते सबंध माझे असते, आणि तरीही माझा डावा हात त्या ताटाभोवती जातो. पत्नी हयात असताना ती हसत असे. म्हणे, "अहो, कोण पळवून नेतंय?"

शाळा मारुतीच्या देवळात भरत होती. मास्तर एक आणि मुले इतकी, की निम्मी सभामंडपात आणि निम्मी बाहेर पारावर. पाट्या पुरत नसत, तेव्हा एका पाटीवर दोघांनी लिहायचे, एका बाजूला एकाने आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याने. मांडीवर पाटी ठेवली की खालच्या बाजूची अक्षरे पुसली जात. माझ्या नशिबी बहुधा खालची बाजू असे. त्यामुळे मी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा लिहिली, आणि माझे वळण घोटीव झाले ते यामुळेच, असे माझे ठाम मत आहे. जन्मतारखा कोणाच्या घरी लिहून ठेवलेल्या नव्हत्या, म्हणून मास्तरांनी सर्वांस एक जून बहाल केली. आजही माझ्या वयाच्या मनुष्याचा दाखला कचेरीत आला की तारीख वाचण्यापूर्वीच ती मला ठाऊक असते.

माझी सातवीची परीक्षा व्हायची होती त्या वर्षी दोघी बहिणींनंतर झालेल्या माझ्या पाठच्या भावाची शाळा सुरू झाली. सर्वांना शिकवणे घरास शक्य नव्हते, म्हणून माझे शिक्षण थांबले. थांबले ते शाळेतले. पुढे इंदापुरात एका वृद्ध अर्जनवीसांच्या हाताखाली राहून मी जे शिकलो, ते भल्या भल्या पदवीधरांस येत नाही. तहसील कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली माझे टेबल आहे. वकिलांनी लिहिलेले अर्ज फेटाळले गेलेले मी पाहिले आहेत. माझा अर्ज मजकुरातील दोषामुळे परत आल्याचे मला स्मरत नाही. लोक मला तात्या म्हणतात, आणि नवे तलाठी रुजू झाले की पहिल्या आठवड्यात माझ्याकडे चहाला येतात.

या विद्येचे सार फार थोडे आहे. विषय हवा, कारण हवे आणि मागणी हवी. रडगाणे नको. मनुष्य टेबलापुढे बसून तासभर बोलतो, रडतो, शिव्या देतो. त्यातून कागदावर उतरवण्याजोग्या चार ओळी निघतात. त्या चार ओळी काढणे हे माझे काम.

नव्वद साल उलटल्यावर मी इंदापुरात चार खोल्यांचे घर बांधले. बाहेरची खोली मुद्दाम लांब ठेवली. घर पुरे झाले त्याच वर्षी पत्नी वारली. मुलगा एकच. सरकारने लहान कुटुंबाचा आग्रह धरला होता, तेव्हा कचेरीच्या आवारात बसणाऱ्याने तो इतरांआधी मानावा, या विचाराने मी एक मूल झाल्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. आई त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मुलगा पिंपरीस कारखान्यात नोकरीला आहे. दिवाळीत येतो, घरातले दिवे नीट लागतात की नाही ते पाहतो आणि जातो.

आठ भावंडांच्या घरात कोणतीही वस्तू ठेवल्या जागी सापडत नसे. पंचा अंगणात सापडे, तांब्या गोठ्यात, पेन्सिल कोणाच्या तरी केसांत. या घरात मी सकाळी जिथे तांब्या ठेवून जातो, तिथेच तो संध्याकाळी मला मिळतो. चष्मा मिळतो. अर्धवट उघडे ठेवलेले कपाट अर्धवट उघडेच असते. पहिल्या वर्षी मला या व्यवस्थेचा अभिमान वाटला. दुसऱ्या वर्षी मी कुलूप उघडून आत आल्यावर उंबऱ्यावर थोडा थांबू लागलो.

भावंडांच्या भेटी होत नसत असे नाही. लग्नात होत, दहाव्याला होत. परंतु लग्नात एकजण अक्षता वाटत असतो, दुसरा व्याह्यांमागे असतो, आणि दहाव्याला कोणी कोणाकडे पाहत नाही. आम्ही आठजण एका ओळीत बसून जेवलो, असे होऊन किती काळ लोटला याचा विचार करताना मला आईच्या तेराव्यापर्यंत मागे जावे लागले, आणि तेव्हाही दादा वाढायला उभा होता. म्हणून मी ठरवले की एका रविवारी सर्व भावंडांस माझ्या घरी बोलवावे, लांब खोलीत थोरल्यापासून धाकट्यापर्यंत पाने मांडावीत, आणि एकदा सर्वांनी बरोबर बसावे. लग्न नाही, कार्य नाही, नुसते बसावे. मला दुसरे काहीही नको होते.

तोंडी निरोपास किंमत नसते, हे मी रोज लोकांना सांगतो. म्हणून मी सातही जणांस पत्रे लिहिली आणि पोहोच पावतीसह रजिस्टर टपालाने पाठवली. मजकूर असा होता: "विषय: पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी समक्ष हजर राहण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण सर्व कैलासवासी वडिलांचे वारस असून, सदर दिवशी सकाळी अकरा वाजता खाली सही करणार यांच्या राहत्या घरी विनाविलंब हजर राहावे. येताना सोबत अन्य कोणास आणू नये. हजर न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल."

जेवणाचा उल्लेख मी केला नाही. मागणी हजेरीची होती. घरी आलेल्या भावंडांस जेवू घालणार हे काय लिहून सांगायचे? मसुदा म्हणून त्यात आजही मला उणे दिसत नाही.

वडिलांची जमीन त्यांच्या पश्चात आम्हां आठांच्या नावे लागली होती आणि ती दादा कसत होता. कालव्याच्या पाण्यावर ती उसाची झाली होती. वाटणी झालेली नव्हती, आणि मुलींनाही हिस्सा असतो अशी कुजबुज तेव्हा गावोगाव चालू होती. त्या कुजबुजीतून निघालेली भांडणे माझ्याच टेबलावर येत. पण ती इतरांची भांडणे असतात.

पत्रे टाकून आठवडा झाला नसेल तोच दादा कचेरीत आला. टेबलापुढच्या बाकावर अंथुर्ण्याचे एक म्हातारे गृहस्थ वारसनोंदीच्या कामासाठी बसले होते.

"राम राम, रावसाहेब," दादा म्हणाला. तो मला रावसाहेब म्हणतो तेव्हा रागावलेला असतो.

"बस दादा. चहा सांगतो."

"चहा नगं. सख्ख्या भावाला नोटीस धाडलीस व्हय रं?"

"नोटीस नाही. बोलावणे आहे ते."

"बोलावणं! पोष्टमन पारावर समद्यांदेखत वरडला, सही करा, इंदापूरचं कागुद हाय म्हणून. मी हातबी लावला न्हाय. माघारी धाडलं."

"न वाचताच?"

"धाकल्याचं वाचून घेतलं की. वारस म्हनं. समक्ष म्हनं. संगट कुणाला आणू नगा म्हनं. आरं, काय आमचा मुडदा पाडायचा बेत हाय का?"

बाकावरचे म्हातारे हसले. "तात्यांचा कागुद हाय, पावनं. जपून ऱ्हावा."

"दादा," मी म्हणालो, "जेवायला बोलावले आहे. आपण आठजण. बाकी काही नाही."

"कशाचं जेवान?"

"कशाचेही नाही."

"पोराचं लगीन ठरलं?"

"नाही."

"तुझ्या मंडळीचं वरीसश्राद्ध?"

"तेही नाही. आपण सगळे एकत्र बसू, म्हणून."

दादा मग म्हातारेबुवांकडे वळून म्हणाला, "आबा, ह्यो तुमाला काय सांगतो? कारणाबिगर अर्ज चालत न्हाय, आसंच ना?"

"व्हय, आसंच सांगत्यात."

"आन् सख्ख्या भावांस्नी मातूर बिनकारणाचं जेवान." तो उठला. "रान मी कसतो. मला उठवायचं आसंल तर सरळ सांग. आन् आमच्याशी तरी आमच्यागत बोलत जा. आहे-नाही कचेरीत ठेव."

तो गेल्यावर मी म्हाताऱ्या गृहस्थांचा अर्ज पुरा केला. दुरुस्तीचे पत्र पाठवावे असे एकदा मनात आले. परंतु माझ्या धंद्यात हे पक्के ठाऊक असते की पहिल्या कागदाने संशय येतो आणि दुसऱ्या कागदाने तो खरा ठरतो. मी काही पाठवले नाही. सोलापूरकडे दिलेल्या दोघी बहिणींचा निरोप एका ओळखीच्या गृहस्थाकडून आला की आमचे मालक नको म्हणतात. बाकीच्यांच्या पोहोच पावत्या आल्या, सह्या-अंगठ्यांसह. पावती घेतली म्हणजे पत्र मान्य केले, असे मी धरून चाललो.

रविवारी सकाळी आचारी येऊन पुरणपोळ्या आणि कटाची आमटी करून गेला. लांब खोलीत मी सतरंजीच्या पट्ट्या घातल्या, आठ ताटे मांडली, आणि ती वयाच्या क्रमाने आहेत हे मनाशी पुन्हा ताडून पाहिले. ताटे एकसारखी असल्यामुळे क्रम फक्त मलाच दिसत होता.

अकराच्या सुमारास दारात स्कूटर थांबली. पाठचा भाऊ बारामतीहून आला होता, ज्याची शाळा सुरू झाली म्हणून माझी थांबली, तोच. मागे पांढऱ्या शर्टातला एक मनुष्य होता, काखेत फाइल. भावाने त्याची ओळख मित्र म्हणून करून दिली. वकिलाचा कारकून मला लांबून ओळखू येतो.

दोघे ओट्यावरच बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. भावाने तो घेतला आणि न पिता बाजूला ठेवला. आमच्या भागात वाद मिटेपर्यंत समोरच्या पक्षाच्या घरचे पाणी कोणी घेत नाही. घेतले तर तडजोडीला मान हलवली असे समजतात. त्या ठेवलेल्या तांब्याकडे पाहून मी कोण आहे ते मला कळले.

"तात्या, कागद दाखव," भाऊ म्हणाला.

"कागद नाही."

"ड्राफ्ट तरी असेल."

"आत ये. पाने मांडली आहेत, ती बघ."

त्याने उंबऱ्याबाहेरूनच मान आत घालून पाहिले. मित्रानेही पाहिले आणि हलक्या आवाजात, पण मला ऐकू जाईल असे म्हणाला, "जेवणं झाल्यावरच कागद काढतात, साहेब. पोट भरलं की माणूस नाही म्हणत नाही."

ते खोटे नव्हते. असे पुष्कळ कागद जेवणानंतर झालेले मला माहीत होते. काही मीच लिहिले होते.

"तात्या, मी कशावरही सही करणार नाही," भाऊ उठत म्हणाला. "दादाच्या पोटावर पाय येईल असं तर मुळीच नाही. तुझं काय अडलं असेल तर वेगळं सांग. मी बघतो."

माझे काय अडले होते ते सांगण्यास मी तोंड उघडले. इतरांच्या तासाभराच्या बोलण्यातून चार ओळी काढणारा मी, मला त्या वेळी एकही ओळ निघाली नाही. "काही नाही," असे मी म्हणालो, आणि स्कूटर गेली.

त्यानंतर बराच वेळ कोणी आले नाही. मी आत जाऊन पोळ्यांवर फडके घातले आणि ओट्यावर येऊन बसलो.

अक्का आली ती एकटी, एस.टी. स्टँडवरून पायी. ती निमगाव केतकीला दिलेली आहे. ओट्यावरचा तो तांब्या तिने न विचारता उचलला, घटाघट रिकामा केला आणि थेट आत गेली. मी मागोमाग गेलो, तर तिने डावा हात माझ्यापुढे धरला होता.

"कुठं लावायचा त्यो लावून घे आंगठा. बिगीनं कर. पोरं बाजारला गेल्याती, त्यास्नी न सांगता आलेय."

"अक्का, कशाचा अंगठा?"

"आरं, रानाचा. हिस्सा सोडून द्याचा आसंल ना? दिला. तुला घे, न्हायतर दादाला दे, मला काय करायचंय? तुला कडंवर घिऊन घिऊन माझी कंबर वाकडी झाली, तवा काय मागितलं न्हाय. आता काय मागू?"

 ती हात तसाच धरून उभी होती, शाईची वाट पाहत.

"अंगठा नको," मी म्हणालो. "जेवायला बोलावले आहे."

"आंगठ्याबिगर?"

"आंगठ्याबिगर."

"कोण गेलं?"

"कोणी गेले नाही, अक्का."

तिने ताटांच्या ओळीवरून नजर फिरवली. "बाकीची कुठं हायती?"

"येतील."

तिने पुन्हा विचारले नाही. हात खाली घेतला, पदराला पुसला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या घेऊन आली. ती पहिल्या ताटावर बसली, मी तिसऱ्यावर. मधले ताट दादाचे.

"सरक की हिकडं."

"ती दादाची जागा आहे."

"दादा त्याच्या घरी जेवून घोरत आसंल," असे म्हणत तिनेच मधले ताट उचलून बाजूला केले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाढले, मग स्वतःला घेतले. आमटी तिखट झाली आहे म्हणाली. आईच्या हातची आमटी पाणचट असायची, आठ तोंडे म्हणजे पाणीच घालावे लागे, असे म्हणून हसली. नातवाचे दात, सुनेचा टीव्ही, कारखान्याला उशिरा गेलेला ऊस, असे ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. त्या खोलीत कोणी बोलल्यावर आवाज घुमतो, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

जेवण झाल्यावर हात धुऊन ती म्हणाली, "आता मला लिवून दे."

"काय?"

"आंगठा लावला न्हाय म्हणून. पोरं सांजच्याला इतील. मी हिकडं आले हे शेजारीण सांगितल्याबिगर ऱ्हायची न्हाय. पोरांनी आधीच सांगून ठिवलंय, मामाच्या कागदाला आंगठा लावलास तर दारात उभी ऱ्हाऊ नगंस. तुझ्या हातचं आसलं तर वाचत्याल."

मी लांब कागद काढला. लिहून देतो की, माझी थोरली बहीण आज रोजी माझ्या घरी आली असता तिने कोणत्याही दस्तावर सही अथवा अंगठा केलेला नाही, अगर तिच्याकडून तो घेण्यात आलेला नाही. इथपर्यंत सरळ गेले. पुढे येण्याचे कारण लिहायचे होते, आणि तिथे पेन थांबले.

"लिव की," अक्का म्हणाली. "जेवाय आली हुती."

मी तसे लिहिले. सही केली. खाली साक्षीदारांसाठी दोन ओळी आखल्या, कारण साक्षीदारांवाचून असा कागद कोणीही मागाहून लिहिला म्हणू शकतो. मग कागद घेऊन शेजारी गेलो. एका घराला कुलूप होते. दुसऱ्या घरी टीव्ही चालू होता. घरमालक बाहेर आले, त्यांनी कागदाची लांबी पाहिली आणि हात जोडले. "जमिनीचं हाय व्हय, तात्या? आमाला नगा घालू त्यात." समोरच्या बिऱ्हाडकरूंना मी नावाने ओळखत नव्हतो. त्यांच्या दाराशी मी काही वेळ उभा राहिलो आणि कडी न वाजवता परत आलो.

अक्काच्या गाडीची वेळ झाली होती. उरलेल्या पोळ्यांतल्या तिच्यापुरत्या मी फडक्यात बांधून दिल्या. स्टँडवर बारामतीची गाडी लागली होती. तिला निमगावला उतरवा, असे मी कंडक्टरला सांगितले. खिडकीशी बसल्यावर तिने कागद उलगडला. तिला वाचता येत नाही. पण सही कुठे असते आणि कुठे नसते, हे तिला दिसते.

"ह्या दोन वळी मोकळ्या का रं?"

"साक्षीदारांच्या आहेत."

"मग?"

"मिळाले नाहीत."

तिने त्या ओळींवर बोट ठेवले. "दोन माणसं गावली न्हाईत व्हय तुला, येवढ्या इंदापुरात?"

"रविवार आहे, अक्का," मी म्हणालो. "कचेरी बंद असते."

"व्हय, रविवार हाय," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालू लागली. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा ती घडीच घालत होती.